गफ्फारभाऊंनी न घेतलेलं नाव

मूल गावच्या राइस मिलमध्ये गफ्फारभाऊंची जागा ठरलेली होती. धानाचे ट्रॅक्टर जिथे खाली व्हायचे, त्या ओट्याच्या टोकाला टिनाचं छप्पर होतं. छपराखाली फाटक्या बोऱ्यांचा ढीग आणि ढिगाला पाठ टेकून गफ्फारभाऊ. मांडीवर एक बोरा, हातात दाभण, गळ्यात सुतळीची लड. बोरा उंदरानं कुरतडलेला असो की हमालाच्या आकड्यानं फाटलेला, भाऊ तो असा शिवून द्यायचे की धान भरल्यावर दाणा गळायचा नाही. त्यांचे वडीलही हेच काम करत. आता प्लास्टिकचे बोरे आले होते. ते शिवण्यापेक्षा फेकणं सोपं, त्यामुळे काम उतरत चाललं होतं. पण मिलमालक जुन्या वळणाचे होते. "गफ्फार आहे तोवर आहे," एवढंच ते म्हणायचे.

घरी भाऊ एकटेच. एकुलता मुलगा अजीम चंद्रपूरला एका गॅरेजात मिस्त्री होता. त्याची बायको आफ्रीन तिथलीच. भाऊंची बायको जाऊन तीन वर्षं होत आली होती. पावसाळ्यातला ताप तिनं अंगावर काढला, मग तो डोक्यात गेला. मूलहून चंद्रपूरला नेलं, पण तिथे तिनं डोळे उघडलेच नाहीत.

तिचं नाव नर्गिस होतं. मिलमध्ये हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण गफ्फारभाऊंनी जन्मात कधी ते नाव तोंडानं घेतलं नव्हतं.

त्यात राग नव्हता, रुसवा नव्हता. त्यांच्या घरची रीतच तशी. आईनं लग्नाआधीच बजावलं होतं, की नवरा-बायकोनं एकमेकांचं नाव घेतलं तर ज्याचं नाव घेतलं त्याचं आयुष्य तुटतं. आई स्वतः अब्बांना 'अजी' म्हणायची आणि अब्बा दारात येऊन नुसते खाकरायचे. भाऊंनी तेच उचललं. दारात उभं राहून खाकरलं की ती पाण्याचा लोटा घेऊन यायची. अजीम झाल्यावर जरा सोय झाली, 'अजीमची अम्मी' म्हणता यायला लागलं. मोहल्ल्यात ती 'गफ्फारची घरची' होती, पोरासोरांची 'चाची' होती. नावानं हाक मारायचे ते फक्त माहेरचे. पण माहेर पडलं वडशाला, आणि तिचे आई-बाप गेल्यावर ते येणंजाणंही आटलं. निकाहाच्या दिवशी काजीसाहेबांनी तिचं नाव बापाच्या नावासकट खणखणीत उच्चारलं होतं. भाऊंनी खाली मान घालून 'कबूल' म्हटलं. नाव त्यांनी कबूल केलं, घेतलं मात्र नाही.

चंद्रपूरच्या दवाखान्यात खिडकीमागच्या माणसानं विचारलं होतं, "पेशंटचं नाव?"

"माही घरची."

"घरची तं हायेच जी. नाव काय?"

भाऊंच्या कपाळावर घाम आला. ती मागे बाकड्यावर तापानं फणफणत पडलेली, जीव असा काठावर आलेला, आणि नेमकं आत्ता आपण तिचं नाव घ्यायचं? मागचे लोक ओरडायला लागले. तेवढ्यात अजीम रिक्षावाल्याला मोकळं करून धावत आला आणि त्यानं नाव सांगितलं. भाऊंनी सुटकेचा श्वास सोडला. आपण आपल्याकडून तिचं आयुष्य राखलं, असं त्यांना वाटलं.

ती गेली तेव्हा त्यांना या गोष्टीचं नवल वाटलं. एवढं सांभाळूनही कशी गेली? हे मात्र कोणाजवळ बोलण्यासारखं नव्हतं. अजीमला 'अम्मी' म्हणायची सवय, शेजाऱ्यांना 'चाची'. त्यामुळे तिच्याविषयी बोलणं निघालं तरी नाव निघायचं नाही. हळूहळू बोलणंही निघेनासं झालं.

मग २००८ चा मे महिना आला.

उन्हाळ्यात मिलला काम कमी. दुपारी उन्हाच्या झळा अशा की बाहेर पाऊल टाकवत नाही. सगळे टिनाखाली नाहीतर भिंतीच्या सावलीला जमायचे. रामाजी मुनीम पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचे. मुनीमजी भल्या स्वभावाचे, फक्त आपण वाचतो ते दुसऱ्यानं ऐकलं नाही तर त्यांना वाचल्यासारखं वाटत नसे. हवामानाची बातमी ते कधी सोडत नसत. बंगालच्या उपसागरात वादळ उठलं आणि धान कापून शेताच्या बांध्यांत पडलेलं असलं, की त्या पावसानं धान काळं पडतं आणि मिलमध्ये अख्ख्या तांदळाऐवजी सगळा तुकडा निघतो. म्हणून समुद्र कधी न पाहिलेली ही माणसं समुद्रावर नजर ठेवून असायची.

"नर्गिसचा कहर," मुनीमजींनी वाचलं. "ब्रह्मदेशात हजारोंचा बळी."

दाभण भाऊंच्या बोटात गेलं. त्यांनी बोट तोंडात धरलं आणि मुनीमजींकडे पाहत राहिले.

"कोन नर्गिस?" डोमा हमालानं विचारलं. तो धानाच्या पोत्यावर आडवा पडला होता.

"वादळ हाय बे. वादळाचं नाव."

"वादळाले नाव? त्याचं बारसं कोन करते?"

"दिल्लीचं हवामान खातं करते. साधा कमी दाबाचा पट्टा असला तं नाव नाई भेटत. वारा एका मापाच्या वर गेला का मंग नाव."

"आमच्या घरी तं लेकरू रडलं का नाव ठेवतेत. वाऱ्याचं माप कोनी घेत नाई," डोमा म्हणाला.

मुनीमजींनी चष्मा पुसला. सांगायला असलं की ते आधी चष्मा पुसायचे. "ओरिसाचं ते मोठं वादळ आठवते? त्याले नावच नव्हतं. ओरिसाचं वादळ म्हनायचं न् झालं. पन एकाच वेळी दोन वादळं उठली का कोनतं कुठी चाललं ते जहाजवाल्याईले समजत नाई. म्हनून चार-पाच वर्षांपासून नावं सुरू झाली. या समुद्राच्या भवताली आठ देश हायेत. परत्येकानं आठ-आठ नावं देऊन ठेवली. वादळ आलं का पाळीपाळीनं एकेक काढाचं. हे नाव पाकिस्तानचं हाय."

"तरीच!" डोमा उठून बसला.

"तरीच काय बे? मागच्या साली बांगलादेशावर जाऊन पडलं त्याचं नाव 'आकाश' होतं. ते आपन देलेलं. नाव देनारा वादळ पाठवत नाई."

सुगंधाबाई धान पाखडून अंग झटकत आली होती. ती म्हणाली, "पन बाईचंच नाव काऊन जी?"

"अमेरिकेत पहिले बायांचीच ठेवत. मंग तिथल्या बाया भांडल्या. आता मानसांचीबी ठेवतेत."

"मानसाचं नाव देलं तं वादळ येते कायले गावापर्यंत? पारावर बसन, बिडी फुकन, अन् सांजच्याले घरी जाऊन जेवाले मांगन."

सगळे हसले. मुनीमजीसुद्धा हसले. सुगंधाबाईनं वळून विचारलं, "गफ्फारभाऊ, तुमी काऊन नाई हसत?"

"सुतळी तुटली," भाऊ म्हणाले.

त्या दिवसापासून ते नाव गावभर झालं. मेलेल्यांचा आकडा रोज वाढत गेला, हजारांवरून लाखाच्या घरात गेला. बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर टीव्ही होता. तिथे बातम्या सांगणारी मुलगी दर वाक्याला ते नाव घ्यायची. पेपरवाला सकाळी ओरडत जायचा. मशिदीत मेलेल्यांसाठी दुआ झाली, तेव्हा इमामसाहेबांच्या तोंडूनही ते आलं. डोमा तर शिवीसारखं वापरायला लागला. "लेकरं नेली, म्हातारे नेले. लय हलकट निघाली हे नर्गिस."

भाऊंना प्रत्येक वेळी अंगावर काहीतरी आपटल्यासारखं व्हायचं. सांगावंसं वाटायचं, बाबा, ती तशी नव्हती. तिनं कोंबडी कापताना कधी पाहिली नाही. शेजारणीचं पोर आजारी पडलं तर हिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. पण सांगायचं तर आधी हे सांगावं लागलं असतं, की माझ्या बायकोचं नाव हेच होतं. म्हणजे पुन्हा नाव आलंच.

आणि त्याच वेळी दुसरंही काहीतरी होत होतं, ज्याची भाऊंना लाज वाटायची. चहा न पिणारे भाऊ रोज संध्याकाळी टपरीवर जायला लागले. बाकड्याच्या टोकाला बसायचे, चहा मागवायचे, तो तसाच गार व्हायचा. टीव्हीतली मुलगी नाव घ्यायची. इतक्या वर्षांत ते नाव इतक्या वेळा त्यांनी ऐकलंच नव्हतं. पडद्यावर पाण्यात बुडालेली भातशेती दिसायची, झाडाला लटकलेली कापडं दिसायची, छातीवर हात मारणारी माणसं दिसायची. भाऊंचे डोळे भरून यायचे. पण कानांना ते नाव गोड लागायचं. घरी जाताना ते मनात म्हणायचे, या अल्ला, हे कसलं मन दिलंस? लोकांची घरं वाहून गेली आणि मी इथे कान लावून बसतो.

मग बातम्या विरळ झाल्या. टीव्हीवर क्रिकेट आलं. पेपरात वादळ आतल्या पानावर गेलं आणि एक दिवस तिथूनही गेलं. टपरीवर दोन-तीन संध्याकाळी नुसत्याच गेल्यावर भाऊंनी जाणं सोडलं. मिलमध्ये मात्र त्यांच्यानं राहवलं नाही.

"मुनीमजी, त्या वादळाचं काय झालं जी?"

"कोनत्या?"

"तेच. मांगचं."

"ते तं कव्हाच विरलं."

"अन् पुन्हा कव्हा येईन? त्या नावाचं?"

मुनीमजींनी चष्मा पुसला. रविवारच्या पुरवणीत याच विषयावर मोठा लेख आला होता आणि तो ऐकवायला त्यांना कोणी मिळालं नव्हतं. "अमेरिकेच्या समुद्रात येते," ते म्हणाले. "तिथी सहा वर्षांच्या सहा याद्या. सातव्या वर्षी पहिली यादी फिरून येते. तेच नाव पुन्हा. पन ज्या वादळानं लय मानसं मारली, त्याचं नाव काढून टाकतेत अन् दुसरं घालतेत. ज्याईच्या घरची मेली, त्याईच्या कानावर ते नाव पुन्हा पडू नये."

"अन् आपल्या समुद्रात?"

"आपल्या इथी फिरून येनंच नाई. भलं असो का बुरं, एकडाव वापरलं का झालं. आता पुढचं नाव श्रीलंकेचं. रश्मी."

"म्हंजे ते संपलं?"

"संपलं."

भाऊंनी दाभणात सुतळी ओवली. ती एरवी एका खेपेत जायची, त्या दिवशी जाईना. अमेरिकेच्या समुद्राजवळ राहणाऱ्या माणसांचा त्यांना हेवा वाटला. तिथे एखाद्या साध्यासुध्या वादळाला बायकोचं नाव मिळालं, कोणाची एक चंद्रमौळी झोपडीसुद्धा न पाडता ते विरून गेलं, तर सातव्या वर्षी पुन्हा रेडिओवर यायचं. माणूस वाट तरी पाहू शकतो.

त्याच सुमारास अजीमचा मिलच्या फोनवर निरोप आला, की आफ्रीनला दिवस गेलेत. हे ऐकलं आणि भाऊंच्या मनात एक गोष्ट रुजली. मुलगी होईल. तिला आजीचं नाव मिळेल. मग ते नाव घरात वाजेल, शाळेत वाजेल, बिनधोक. नातीचं नाव घ्यायला आजोबाला कसलीच आडकाठी नाही. भाऊ बोरे शिवता शिवता मनात हाक मारून पाहायचे. मनातसुद्धा ती पुरी व्हायची नाही, पहिल्या अक्षरावर अडायची. पण वाटायचं, एकदा लेकरू समोर आलं की सुटेल.

ईदला अजीम आणि आफ्रीन मूलला आले. आफ्रीननं घर झाडून काढलं, शेवया केल्या. जेवण झाल्यावर भाऊ खाकरले.

"पोरगी झाली तं," ते म्हणाले, "घरातलंच नाव ठेवा."

"घरातलं म्हंजे?" अजीमनं विचारलं.

"घरातलं म्हंजे घरातलं."

आफ्रीनच्या ओठांवर हसू आलं. "दादीजानचं का अब्बा? बतूलबी?"

"अब्बा, बतूलबी!" अजीम खो खो हसला. "शाळेतली पोरं तिले सुखानं जगू देतीन का?"

भाऊही हसले. त्यांना वाटलं, पुढचं तो आपोआप समजेल. बतूलबी नाही, तर मग घरात दुसरी बाई होती तरी कोण? एवढं काय सांगायला हवं? त्यांनी विषय तिथेच सोडला आणि पानदान पुढे केलं.

नोव्हेंबरात, धानाची कटाई जोरात असताना, आफ्रीनला मुलगी झाली. चंद्रपूरला, माहेरी, घुटकाळा मोहल्ल्यात. बाळाच्या कानात अजान आफ्रीनच्या वडिलांनीच दिली, कारण भाऊंना कळून ते पोचेपर्यंत कोण थांबणार? सातव्या दिवशी अकीका, म्हणजे जावळ उतरवून बकऱ्याची कुर्बानी, आणि नाव ठेवणं. भाऊंनी मुनीमजींकडे सुट्टी मागितली.

"जा जा. नातीचं बारसं हाय," मुनीमजी म्हणाले. "अन् ऐका, आंध्राकडे नवं वादळ आलं. थायलंडचं नाव हाय. खाई मुक."

"हे ठेवनाऱ्याचे पुढचे दात पडले असन," डोमा म्हणाला. "भाऊ, पोरीचं नाव सोपं ठेवजा."

"सोपंच हाय," भाऊ म्हणाले.

एसटीत त्यांना खिडकीची जागा मिळाली. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या कडपा पडलेल्या, मग अजयपूरच्या पुढे जंगल. भाऊ मनात बोलणं जुळवत होते. आफ्रीन वादळाचं म्हणेल, हे त्यांना माहीत होतं. तिच्यासाठी त्यांच्याजवळ पक्कं उत्तर होतं. मुनीमजींनी वाचून दाखवलं होतं, की आपल्या समुद्रात नाव फिरून येत नाही. म्हणजे वादळाचा त्या नावावरचा हक्क सुटला. आता जगात कितीही वादळं उठोत, या समुद्रातलं कोणतंही ते नाव घेऊन येणार नाही. ते नाव आता निव्वळ माणसांचं. उलट दुसरं कुठलंही नाव ठेवा, उद्या त्याचं वादळ निघणार नाही याची हमी कोण देतो? हे शेवटचं उत्तर त्यांना इतकं आवडलं की चिचपल्लीला बस थांबली तेव्हा ते स्वतःशीच हसले. शेजारच्या बाईनं जरा सरकून घेतलं.

घुटकाळ्यातल्या घरासमोर मंडप होता. बाजूच्या बोळात चुलीवर जेवणाची मोठी देग चढली होती. आफ्रीनची आई अमिनाबी दारातच भेटली. "या समधीभाऊ, या. उशीर केला. केस बी उतरले पोरीचे."

भाऊ आत गेले आणि त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथे थर्माकोलची रंगीत अक्षरं चिकटवलेली होती. महेक.

त्यांनी अजीमला खुणेनं बोळात बोलावलं. आचारी देगीचं झाकण काढून पाहत होता. तो आत जाईपर्यंत भाऊ थांबले.

"नाव ठेवलं?"

"हो अब्बा. महेक. आफ्रीनच्या भावानं काढलं. कसं हाय?"

"मी म्हटलं होतं, घरातलं ठेवा."

"बतूलबी? अब्बा, तुमी खरंच..."

"दादीचं नाई."

"मंग कोनाचं?"

देगीखालची लाकडं तडतडत होती. भाऊ त्यांच्याकडे पाहत म्हणाले, "तुह्या अम्मीचं."

अजीम म्हणाला, "अम्मीचं? अब्बा, माह्या मनात पहिले तेच होतं. मी आफ्रीनले म्हटलंबी. ती भेली. म्हने टीव्हीवर सारं पाह्यलं, लाखभर मानसं त्या नावानं गेली, माह्या पोरीले नको."

भाऊंनी एसटीत जुळवलेलं सगळं भराभर सांगून टाकलं. नाव फिरून येत नाही, वादळाचा हक्क सुटला, आता ते मोकळं झालं, फक्त माणसांचं झालं. पाठ केलेला धडा म्हणावा तसं. अजीम ऐकत राहिला.

"हे मी तिले समजावलं असतं अब्बा," तो म्हणाला. "ती ऐकते माहं. पन मी जोर नाई लावला. मले वाटलं, तुमालेच ते नाव आवडत नाई."

"मले?"

"तुमी कव्हा घेतलं? एकडाव तरी? दवाखान्यातबी तुमी चूप उभे, मी सांगितलं. अम्मी मले म्हने, तुह्या अब्बाले माहं नाव पसंत नाई वाटते, जन्मात त्याईच्या तोंडातून निघालं नाई. हसत म्हने. पन लय डाव म्हने."

भाऊंनी भिंतीला हात टेकला. "नाव घेतलं तं आयुष्य तुटते," ते म्हणाले. "जिचं घेतलं तिचं."

"कोनं सांगितलं?"

"तुह्या दादीनं. आमच्या घरात सगळ्याईले माहीत होतं. तिलेबी माहीत असन ना."

"तिले कसं माहीत असन? वडशाचे नाना तं नानीले अंगनातून नावानं ओरडत. मी सोता ऐकलं."

भाऊंनीही ऐकलं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी सासऱ्यांनी सासूला अशी हाक मारली तेव्हा ते दचकले होते. परतताना बायकोला काही बोलले मात्र नव्हते. तिच्या घरची रीत वेगळी, आपल्या घरची वेगळी, एवढंच मनाशी म्हणाले. आपली रीत तिला कोणी सांगितली का, हे विचारायचं त्यांच्या कधी ध्यानातच आलं नाही. त्यांना वाटायचं, ती जाणते. त्यांच्या खाकरण्यात किती काळजी आहे, हे ती जाणते. आणि ती बिचारी पाण्याचा लोटा घेऊन दारात यायची, ती हे मनात ठेवून, की या माणसाला माझं नाव पसंत नाही.

"अब्बा," अजीम म्हणाला. त्यानं बापाचा दंड धरला होता. "अजून काई बिघडलं नाई. थर्माकोल तं हाय. नगरपालिकेत नाव जाचं हाय अजून. तुमी आत चला. पोरीले मांडीवर घ्या अन् सगळ्याईसमोर तुमच्या तोंडानं म्हना, हिचं नाव हे. आजाचा हक्क हाय. मंग मी पाहतो कोन नाई म्हनते."

ते आत गेले. अजीमनं लोकांना जरा थांबायला सांगितलं, अब्बा काही म्हणतात. अमिनाबीनं बाळ आणून भाऊंच्या मांडीवर ठेवलं. नुकतंच डोकं केलेलं, लाल-गुलाबी, मुठी आवळलेलं लेकरू. खोलीतल्या बायका जवळ सरकल्या. भाऊंनी वर पाहिलं.

समोर पलंगावर आफ्रीन बसली होती. अजीमचा चेहरा पाहून तिला सगळं कळलं होतं. सासऱ्यासमोर ती बोलणारी नव्हती. पण तिचा हात पुढे आला होता आणि बाळाच्या दुपट्याचं टोक तिनं बोटांत गच्च धरून ठेवलं होतं. तिच्या डोळ्यांत नुसती भीती होती.

भाऊंनी ती भीती ओळखली. कुणी न शिकवता ओळखली. एसटीत जुळवलेलं उत्तर तिथे काय कामाचं होतं? दवाखान्याच्या खिडकीशी त्यांनाही कोणी समजावलं असतं, की नावानं माणूस मरत नाही, तर त्यांनी ऐकलं असतं का? एका नावापायी आपल्या माणसाचा जीव जाईल, या धास्तीनं ज्यानं जन्म काढला, त्यानं या पोरीची धास्ती खोटी कशी म्हणावी?

सगळे वाट पाहत होते. अजीम मान हलवून 'म्हना, म्हना' म्हणत होता.

"महेक," भाऊ म्हणाले. मांडीवरच्या लेकराकडे पाहून पुन्हा म्हणाले, "महेक. चांगलं नाव हाय."

आफ्रीनची बोटं सैल झाली. बायकांनी एकदम बोलायला सुरुवात केली. अमिनाबी म्हणाली, चला, आता वाढा. अजीम दाराशी गेला आणि पाठ करून उभा राहिला.

भाऊ जेवले. सगळ्यांनी रात्री राहायचा आग्रह केला, पण धानाचा हंगाम आहे, बोरे पडलेत, असं सांगून ते निघाले. आफ्रीननं वाकून सलाम केला तेव्हा तिचे डोळे ओले होते. अजीम स्टँडपर्यंत आला. बस सुटताना म्हणाला, "अब्बा, काऊन नाई म्हटलं?" भाऊंनी खिडकीतून हात बाहेर काढून त्याच्या खांद्यावर ठेवला आणि बस हलेपर्यंत तसाच ठेवला.

मूलला ते उतरले तेव्हा दिवस मावळायचा होता. मोहल्ल्यात पोरं खेळत होती, बायका नळावर होत्या. भाऊंनी कुलूप काढलं. उंबऱ्यावर सवयीनं खाकरले, आणि खाकरल्यावर तिथेच उभे राहिले.

घरात सगळं सकाळी ठेवलं तसंच होतं. खाट, पेटी, खुंटीवरचा सदरा. भाऊंनी दार लावून घेतलं नाही. ऐकलं कोणी तर ऐको. त्यांनी तोंड उघडलं. पहिलं अक्षर आलं आणि अडलं. जीभ टाळूला लागून राहिली. त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

"नर्गिस," ते म्हणाले.

आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. टीव्हीतली मुलगी किती सहज म्हणायची.

"नर्गिस, अजीमले पोरगी झाली. आज नाव ठेवलं. महेक ठेवलं." थोडं थांबून ते म्हणाले, "मले तुहं नाव पसंत होतं. आमच्या घरात घेत नाई, म्हनून नाई घेतलं. मले वाटलं तुले ठाऊक हाय."

बाहेर कोणाच्या तरी आईनं कोणाला तरी नावानं हाक मारली आणि एक पोर 'आलो' म्हणून पळत गेलं. भाऊ खोलीच्या मधोमध उभे होते. हाक मारल्यावर माणूस जेवढा थांबतो, तेवढे ते थांबले.